आगबोटी बंद व्हायच्या आत

तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचं, बाड सोडलं, तर पानांच्या कडांचा भुगा हाताला लागला. सगळं मोडीत. सोबत आलेले मोडीवाचक काका कागदाला बोट न लावता, ओळीच्या जरा वर धरून वाचत होते: बापाचं नाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख. मी वहीत उतरवत गेले.

पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मुंबईला का गेले, हे मला शोधायचं होतं. घरात एवढंच सांगत, "गिरणीत होते."

त्यांच्या थोरल्या मुलीची नोंद काही सापडेना. मग पणजीच्या माहेरच्या गावाचं बुक काढलं, तिथे ती मिळाली. पहिलं बाळंतपण माहेरी! नुसत्या जन्मगावावरून बिऱ्हाड हललं असं मानणारे इथेच चुकतात. पुढची चार मुलं आमच्याच गावातली: 1911, 1914, 1917, 1921. महिन्यांकडे माझं लक्ष नंतर गेलं. मार्च, एप्रिल, एप्रिल, मार्च.

नऊ महिने मागे मोजले तर ज्येष्ठ-आषाढ येतो, म्हणजे लावणीचे दिवस. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. त्या बंद व्हायच्या आत गाव गाठायचं, नांगरणी-लावणी उरकायची आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की परत मुंबई. परतल्यावर काम मिळेल की बदलीवर उभं राहावं लागेल, हे गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीवर.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे कोकणातल्या कितीतरी घरांतला एकेक पुरुष गिरण्यांत गेला. गावात भाताचं एकच पीक, वरकस जमिनीत नाचणी-वरी. खोताचा वाटा दिल्यावर वर्षाचं धान्यही उरत नसे, रोख पैसा तर दिसतच नसे. बायको-मुलं आणि शेत गावीच राहत. ते शेत हातचं जाऊ नये म्हणूनच तर माणूस परळ-लालबागच्या एका खोलीत वीसजणांबरोबर पथारी टाकत असे. अशा माणसाला 'गाव सोडून गेला' म्हणणं मला पटत नाही.

घरच्या पत्र्याच्या पेटीत एक मोडी चिठोरी होती. तीही काकांना दाखवली. खोताची पावती निघाली, मार्च 1923 ची: मागील बाकी भरून पावली. त्या काही वर्षांत गिरण्या कामगारांना बोनस देत होत्या. पुढे 1923 चा बोनस नाकारला गेला आणि जानेवारी 1924 मध्ये मोठा संप झाला. पावतीतले पैसे बोनसचे असतील का? बाकी फेडायला पणजोबा त्या वर्षी पावसाची वाट न बघता शिमग्यालाच आले असावेत.

कारण बुकात आणखी एक नोंद आहे, एकटीच वेगळ्या महिन्यातली. डिसेंबर 1923, मुलगा. माझे आजोबा.