आकाशाची वही : एका धान्य व्यापाऱ्याचे वाचन



आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह कार्यकारी मंडळाने केला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले, आणि पुढचे सारे आयुष्य ग्वाल्हेरच्या दाल बाजारात गहू, चणे व मोहरी यांच्या पोत्यांत गेले. तथापि सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गतीविषयी मला जे थोडे कळले, ते पुस्तकापेक्षा दुकानाच्या गादीवरच अधिक कळले, आणि तेही एक चूक करून. ती चूक सांगितल्यावाचून हा लेख पुढे सरकणार नाही.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी दुकानात बसू लागून दोनच वर्षे झाली होती. महाराष्ट्रातील एका पेढीस आम्ही चण्याचा माल पाठविला होता, आणि त्यांनी पत्रात लिहिले होते की, ‘श्रावण वद्य पंचमीस रक्कम पोहोचती करू.’ वडील त्या वेळी यात्रेस गेले होते. मी घरी मराठी बोलणारा खरा, परंतु वही लिहिण्यास शिकलो तो हिंदी भाषिक मुनीमजींच्या हाताखाली. त्यांच्या पंचांगाप्रमाणे श्रावण वदी पंचमी आली आणि गेली; रक्कम आली नाही. तारुण्याच्या अविचाराने मी त्या पेढीस एक कडक पत्र टाकले, आणि त्यात व्यापाऱ्याच्या शब्दाची किंमत काय असते याचा उपदेशही केला.

वडील परतले. पत्राची नक्कल वाचून ते काही बोलले नाहीत. त्यांनी फडताळातून दोन पंचांगे काढली, एक महाराष्ट्रातले व एक येथले, आणि ती माझ्यापुढे उघडून ठेवली. महाराष्ट्र व गुजरात येथे महिना अमावास्येस संपतो. त्यामुळे तेथे शुक्ल पक्ष आधी व वद्य पक्ष नंतर. आपल्या उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो; म्हणून वदी आधी व सुदी नंतर. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच, परंतु कृष्ण पक्षाच्या नावात मात्र एका महिन्याचा फरक. त्यांची श्रावण वद्य पंचमी म्हणजे आपली भाद्रपद वदी पंचमी! रक्कम बरोबर त्याच दिवशी आली. वडिलांनी माझ्याच हाताने क्षमापत्र लिहविले. उत्तर सौजन्याचे आले. पण पुढचे दोन हंगाम त्या पेढीकडून मालाची मागणी आली नाही. तिसऱ्या वर्षी ती आली, तेव्हा कोठे वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

आपण सर्वजण दरवर्षी ज्या दिवशी दिवे लावून भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण करतो, त्या दिवसाला महाराष्ट्रात आश्विन अमावास्या म्हणतात आणि ग्वाल्हेरच्या पंचांगात कार्तिक अमावास्या. चंद्र एकच, अंधार एकच, दिवाही एकच. भेद केवळ नावाचा. त्या प्रसंगानंतर, नावाच्या मागे आकाशात प्रत्यक्ष काय घडते हे समजून घ्यावे, अशी ओढ मला लागली.

चंद्राचा हिशेब व्यापाऱ्यास सहज उमजण्याजोगा आहे. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. तीस तिथ्यांचा एक चांद्रमास. चंद्राची चाल सदा सारखी नसते, म्हणून तिथी कधी आखूड, कधी लांब होते. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयापूर्वीच संपली तर तिचा क्षय, आणि दोन सूर्योदयांना लाभली तर तिची वृद्धी. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणजे प्रत्येक वर्षी अकरा दिवसांची बाकी राहते. आपण ज्याप्रमाणे बाकी पुढच्या पानावर ओढतो, त्याप्रमाणे ही बाकी साठत जाते आणि सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक पूर्ण महिना होऊन खात्यात जमा धरावी लागते. हाच अधिक मास. इ. स. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक ठरतो. ज्यात दोन संक्रांती पडतात त्याचा क्षय होतो. पण हे क्वचितच, आणि हिवाळ्यातच घडते, कारण जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असून तिची गती सर्वाधिक असते. संवत २०३९, म्हणजे १९८२-८३, या एकाच वर्षात दोन महिने अधिक आले आणि एकाचा क्षय झाला. मितीने व्याज आकारणाऱ्या जुन्या मुनीमांची त्या वर्षी झालेली तारांबळ माझ्या चांगल्या स्मरणात आहे.

आता सूर्याकडे वळू. यासाठी दुर्बीण नको, एक मीटर उंचीची सरळ काठी पुरे. ती गच्चीवर ओळंब्याने उभी करावी आणि मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजावी. ग्वाल्हेर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २६ अंश १३ कलांवर आहे. त्यामुळे येथे २१ जूनच्या सुमारास सावली जेमतेम पाच सेंटिमीटर पडते. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास ती एकोणपन्नासच्या आसपास असते. आणि २२ डिसेंबरला एकशे अठरा, म्हणजे काठीहूनही लांब. सावली पूर्णपणे नाहीशी मात्र कधीच होत नाही, कारण सूर्य साडेतेवीस अंशांपलीकडे उत्तरेस येत नाही. पृथ्वीचा आस तेवढाच कललेला आहे, आणि ऋतूंचे सारे चक्र, आपली रब्बी व खरीप, याच कलण्यावर उभे आहे.

हे मोजताना ‘मध्यान्ह’ म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, हे ध्यानी ठेवावे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची आहे आणि ग्वाल्हेर तिच्या सव्वाचार अंश पश्चिमेस. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे सतरा मिनिटे मागे चालतो. त्यातच पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसल्याने आणि तिचा आस कललेला असल्याने नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह बाराच्या ठोक्यालाच येते, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेबाराला.

ज्यांना हे सर्व दगडचुन्यात पाहावयाचे असेल, त्यांनी उज्जैनीस अवश्य जावे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे वेधशाळा उभारल्या. उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीस आली, तेव्हा आपल्याच ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला, आणि ‘सर्वानंद करण’ या ग्रंथाचे कर्ते गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे तिची व्यवस्था सोपविली. पुढे ती जिवाजी वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे; तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कलांचा. भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवरून सरकते आणि वेळ सांगते. शेजारच्या नाडीवलय यंत्राच्या उत्तरेकडील तबकडीवर सहा महिने ऊन पडते, दक्षिणेकडील तबकडीवर सहा महिने. सूर्य विषुववृत्त ओलांडून गेला हे तेथे लहान मूलही बोट ठेवून दाखवू शकते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी मध्यवर्ती स्थान ठरविताना रेखांश प्रमाणवेळेचा घेतला, पण अक्षांश उज्जैनचाच ठेवला. २२ मार्च १९५७ पासून ते राष्ट्रीय पंचांग चालू झाले.

येथे आपल्या घरोघरीच्या आचाराशी निगडित असा एक मुद्दा नम्रतेने मांडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन होते, आणि सकाळी सूर्योदयानंतर एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, गेल्यावर नवकारसी पाळली जाते. पण या वेळा आपण कोठून घेतो? पुष्कळ घरांत भिंतीवर मुंबईस छापलेली दिनदर्शिका असते. जूनच्या अखेरीस तिच्यातील सूर्यास्त व ग्वाल्हेरचा सूर्यास्त यांत फारसे अंतर नसते, म्हणून कोणास शंका येत नाही. परंतु डिसेंबरच्या आरंभी मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि ग्वाल्हेरचा पाच वाजून पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर. अर्ध्या तासाहून अधिक फरक! कारण उघड आहे. आपण मुंबईच्या पूर्वेस असल्याने आपला सूर्य बारा महिने एकवीस-बावीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. शिवाय आपण उत्तरेस असल्याने हिवाळ्यात आपला दिवस अधिक लहान असतो. उन्हाळ्यात आपला दिवस मोठा असल्याने ही तफावत बरीचशी भरून निघते. हिवाळ्यात मात्र ती दुणावते. आणखी एक नवल असे की, सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याकडे येतो. माझ्या मातोश्रींनी आयुष्यभर हे व्रत निष्ठेने पाळले. पण दिनदर्शिकेवर विसंबून त्यांचे ताट हिवाळ्यात कित्येकदा सूर्यास्तानंतर वाढले गेले असणार, हे मला त्यांच्या पश्चात उमगले. त्यांच्या भावनेला उणेपणा येत नाही. परंतु दोष आम्हा मुलांचा, की गच्चीवर जाऊन आम्ही कधी पाहिले नाही.

आता ग्रहांविषयी थोडे. बाजारात ‘मंगळ वक्री झाला, आता तेजी’ अशी कुजबुज आपण सर्वांनी ऐकली आहे. तरुणपणी मीही अशा एका भाकितावर चणे भरून ठेवले, आणि भाव पडल्यावर तोट्यात विकले. नंतर समजले की वक्री ग्रह मागे फिरत नसतोच. ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना आपली गाडी शेजारच्या रुळावरील सावकाश मालगाडीस मागे टाकते, तेव्हा ती मालगाडी उलट चालल्याचा भास होतो ना? तसेच हे. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. सुमारे सव्वीस महिन्यांनी आपण त्यास मागे टाकतो, आणि त्या काळात तो ताऱ्यांमधून मागे सरकताना दिसतो. गुरू दर तेरा महिन्यांनी वक्री होतो, बुध तर वर्षातून बहुधा तीनदा. ज्या घटनेची तारीख कित्येक वर्षे आधी काढता येते, तिच्यावर भाव ठरत असता, तर बाजारात कोणी तोट्यात आलाच नसता.

माझ्या नातवाने एकदा विचारले, “आजोबा, आपल्या ग्रंथांत जंबूद्वीपावर दोन सूर्य व दोन चंद्र सांगितले आहेत, शाळेत एकच सूर्य शिकवितात, मग खरे काय?” मी त्यास ‘सूर्यप्रज्ञप्ति’तील आकडे दाखविले. सर्वांत मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा, सर्वांत लहान बारा मुहूर्तांचा. आणि १८३ दिवसांत सहा मुहूर्तांचा फरक, म्हणजे प्रतिदिनी एका मुहूर्ताचे दोन एकसष्टांश. पाच वर्षांचे एक युग, त्याचे १८३० दिवस, आणि त्यात बासष्ट चांद्रमास. मग आम्ही दोघांनी गणित केले. ग्वाल्हेरचा मोठा दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा, लहान साडेदहाचा. ग्रंथातील अठरा मुहूर्त म्हणजे चौदा तास चोवीस मिनिटे. ते प्रमाण आपल्याहून बऱ्याच उत्तरेकडील प्रदेशास जुळते. १८३० दिवसही आजच्या मोजणीहून पाच वर्षांमागे सुमारे चार दिवसांनी जास्त आहेत. “म्हणजे चुकले का?” त्याने विचारले. मी म्हणालो, “बाळ, आकाशात सूर्य एकच आहे, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. पण घड्याळ नव्हते, दुर्बीण नव्हती, तेव्हा आपल्या पूर्वजांनी सावल्या आणि रात्री मोजून एवढा हिशेब मांडला. जुन्या वहीतील बेरीज पुन्हा तपासणे म्हणजे वडिलांचा अनादर नव्हे. वडिलांनी आपल्याला तेच तर शिकविले.”

शेवटी दोन सूचना. पहिली ही की, संघाने पुढील स्मरणिकेत खास ग्वाल्हेरच्या सूर्योदय-सूर्यास्ताचे वर्षभराचे कोष्टक छापावे. खर्च एका पानाचा, उपयोग घरोघरी. दुसरी, येत्या २२ डिसेंबरला प्रत्येक घरी मुलांनी गच्चीवर एक काठी उभी करावी आणि सव्वाबाराच्या सुमारास तिची सावली मोजून भिंतीवर खूण करून ठेवावी. जूनमध्ये पुन्हा मोजावी. ज्या घरात माल तराजूवर चढविल्यावाचून विकत नाहीत, त्या घरात सूर्याची चालही केवळ ऐकीव का असावी?