कागदावरचे संगीत कानांवर येते तेव्हा

‘नवे शास्त्रीय संगीत’ म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या मनात शंका उभी राहते. जे शास्त्रीय ते जुनेच असणार, मग त्यात नवे ते काय? आपल्या रागसंगीतापुरते पाहिले तर या शंकेत थोडे तथ्य वाटते. राग परंपरेने आलेला असतो, बंदिश बहुधा गुरुमुखातून मिळालेली असते आणि नवे जे काही घडते ते गायकाच्या गळ्यात, त्या मैफलीत, त्या घटकेला घडते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची रीत निराळी आहे. तेथे रचना करणारा एक आणि ती वाजवणारे दुसरे. रचनाकार टेबलाशी बसून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो आणि वादक लिहिल्याबरहुकूम तो वाजवतात. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांची परंपरा अशी लेखणीतून चालत आली आणि ती आजही थांबलेली नाही. युरोप-अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत व संगीतविद्यालयांत ‘रचना’ हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे आणि विशीच्या आसपासची मुले तेथे दरवर्षी नव्या रचना लिहीत असतात. या विद्यार्थ्यांच्या रचना आणि त्यांचे ध्वनिमुद्रण यांचे नाते काय, हे सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या विद्यार्थ्याची अडचण समजून घेऊ. आपल्यापैकी कोणी कविता लिहिली तर ती स्वतःच मोठ्याने वाचून पाहता येते. गाणाऱ्याला आपली चाल गाऊन पाहता येते. पण साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याने काय करावे? पियानोवर तो रचनेचा सांगाडा वाजवून पाहील, पण रंग कोठून आणणार? बासरीचे खालच्या सप्तकातले स्वर मृदू आणि क्षीण असतात. त्याच वेळी ट्रम्पेट जोराने वाजत असतील तर बासरी मुळीच ऐकू येत नाही. कागदावर मात्र दोन्ही ओळी सारख्याच ठसठशीत दिसतात! क्लॅरिनेटची गंमत आणखी वेगळी. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वादकाने ‘सी’ लिहिलेला वाचला, की प्रत्यक्षात ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. हे ध्यानात न ठेवता लिहिले तर सगळी ओळच बेसूर होते. फुंकून वाजवायच्या वाद्यांना श्वासासाठी जागा ठेवावी लागते. या साऱ्या गोष्टी पुस्तकांत दिलेल्या असतात, परंतु स्वतःच्या कानांनी ऐकल्याखेरीज त्या अंगवळणी पडत नाहीत. म्हणजे रचनेच्या विद्यार्थ्याचा खरा गुरू वाद्यवृंदच, आणि हा गुरू सहजासहजी भेटत नाही.

तो भेटला नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. ‘कार्मेन’ या ऑपेरामुळे जगप्रसिद्ध झालेला जॉर्ज बिझे हा पॅरिसच्या संगीतविद्यालयाचा विद्यार्थी. सतरावा वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर १८५५ मध्ये, त्याने एक सिंफनी लिहावयास घेतली आणि सुमारे महिन्याभरात पुरी केली. ती ना वाजवली गेली, ना छापली गेली. १८७५ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी बिझे वारला. हस्तलिखित त्याच्या पत्नीकडून रेनाल्दो हान या संगीतकाराकडे गेले आणि १९३३ मध्ये त्याच संगीतविद्यालयाच्या ग्रंथालयात येऊन पडले. पुढे ते जाणकारांच्या नजरेस आले आणि २६ फेब्रुवारी १९३५ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे फेलिक्स वाइनगार्टनर यांनी त्याचा पहिला प्रयोग केला. सतरा वर्षांच्या मुलाची रचना कानांवर यायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली! आज ही सिंफनी जगभरचे वाद्यवृंद आवडीने वाजवतात, तिची कितीतरी ध्वनिमुद्रणे निघाली आहेत. ज्याने ती लिहिली त्याने मात्र ती केवळ मनातल्या मनात ऐकली. तिच्या दुसऱ्या भागातली ओबोची संथ, वळणावळणाची धून मी ऐकतो तेव्हा हाच विचार मनात येतो, की हा ओबो त्या मुलाच्या कानी एकदा तरी पडायला हवा होता.

याच्या अगदी उलट नशीब दिमित्री शोस्ताकोविचचे. लेनिनग्राडच्या संगीतविद्यालयातील अभ्यासक्रमाच्या शेवटी सादर करायची कृती म्हणून त्याने आपली पहिली सिंफनी लिहिली. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची होती आणि मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून तो चार पैसे मिळवीत असे. १२ मे १९२६ रोजी निकोलाय माल्को यांच्या दिग्दर्शनाखाली लेनिनग्राडच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ती सिंफनी वाजवली. रचनाकार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. श्रोत्यांना ती एवढी आवडली की दुसरा भाग पुन्हा वाजवावा लागला. पुढील दोन वर्षांत बर्लिनला ब्रुनो वॉल्टर यांनी आणि फिलाडेल्फियाला लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांनी ती सादर केली, आणि १९३३ मध्ये स्टोकोव्हस्कींनी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाकडून तिचे ध्वनिमुद्रण करून घेतले. एका विद्यार्थ्याची परीक्षेसाठी लिहिलेली कृती तबकड्यांच्या संचातून घरोघरी पोचली. प्रयोग एका संध्याकाळी संपतो आणि सभागृहात असतील तेवढ्यांपुरताच असतो. तबकडी पुन्हा लावता येते, आणि जेथे वाद्यवृंदच नाही अशा गावीही ऐकता येते. विद्यार्थ्याच्या रचनेला याचा लाभ सर्वांत अधिक, कारण तिला दुसरा प्रयोग क्वचितच लाभतो.

तिसरे उदाहरण आपल्या कला शाखेला अधिक जवळचे आहे. मॅथ्यू आर्नल्ड यांची ‘डोव्हर बीच’ ही कविता इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना परकी नाही. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना सॅम्युएल बार्बर याने १९३१ मध्ये या कवितेला संगीत दिले. साथीला दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो एवढीच चार तंतुवाद्ये. बार्बर रचनेबरोबर गायनही शिकत होता. त्यामुळे १९३५ साली या रचनेचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गायक तो स्वतःच होता, आणि साथ कर्टिस चतुष्टयाची. हे मुद्रण आजही उपलब्ध आहे. ते ऐकताना जुन्या तबकडीची खरखर येते, परंतु आरंभी तंतुवाद्यांवर हेलकावणाऱ्या लाटा आणि त्यांवरून येणारा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा आवाज ऐकला, की वर्गात टिपणे घेऊन वाचलेली ती कविता मला नव्याने समजू लागते. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणती ओळ ओढून न्यायची, हे कागदावर खुणांनी दाखवता येते खरे, तथापि रचनाकाराला नेमके काय अभिप्रेत होते ते येथे त्याच्याच तोंडून कळते.

ध्वनिमुद्रणाने केवळ रचना जपल्या असे नाही, पुढे ते स्वतःच रचनेचे साधन झाले. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संगीत विभागात १९५१ साली अँपेक्स कंपनीचे, फितीवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र आले. हेतू साधा होता. नव्या रचनाकारांचे जे कार्यक्रम तेथे होत, त्यांचे मुद्रण करून ठेवायचे. यंत्र सांभाळण्याचे काम व्लादिमिर उसाचेव्हस्की या अध्यापकांकडे आले. रिकाम्या वेळी त्यांनी त्या यंत्राशी खेळावयास प्रारंभ केला. पियानोचा स्वर मुद्रित करून फीत निम्म्या वेगाने फिरवली, तर तो एक सप्तक खाली उतरतो. दुप्पट वेगाने फिरवली तर एक सप्तक वर चढतो. उलटी फिरवली तर एरवी ठोक्याने सुरू होऊन विरत जाणारा स्वर शून्यातून फुगत येतो आणि झटक्यात तुटतो. पीटर मॉझी या तरुण तंत्रज्ञाच्या साह्याने मुद्रित ध्वनीचे प्रतिध्वनी उमटवण्याचीही सोय झाली. ९ मे १९५२ रोजी उसाचेव्हस्कींनी हे प्रयोग विद्यापीठातच लोकांपुढे मांडले. १९५९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या १,७५,००० डॉलरच्या साह्याने कोलंबिया व प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांचे इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्र स्थापन झाले. येथे विद्यार्थ्यापुढची जुनी अडचणच नाहीशी झाली. फितीवर रचना करणाऱ्याला वादकांची वाट पाहावी लागत नव्हती. केलेले काम तो त्याच दिवशी ऐकत होता, आणि ती फीत हीच त्याची रचना होती.

आज या संस्थांतून काय चालते? अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या रचनांसाठी वाद्यवृंदाची एक खास बैठक ठेवतात. फार तालीम न करता वादक नवी रचना वाचत वाचत वाजवतात, अडले तेथे थांबतात, आणि या सगळ्याचे मुद्रण होते. मग गुरू व शिष्य स्वरलेखन समोर ठेवून ते मुद्रण पुनःपुन्हा ऐकतात. बासरी कोठे बुडाली, श्वास कोठे अपुरा पडला, याची उत्तरे तेथे मिळतात. पुढच्या अभ्यासक्रमाला किंवा स्पर्धेला अर्ज करताना स्वरलेखनाबरोबर हे मुद्रणही बहुधा मागितले जाते. संगणकही मदतीला आला आहे. लिहिलेली रचना तो लगेच वाजवून दाखवतो. सोय मोठी आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. संगणकाचा बासरीवादक कधी दमत नाही, त्याला श्वास घ्यावा लागत नाही आणि कितीही अवघड ओळ तो पहिल्या खेपेस बिनचूक वाजवतो. त्याच्यावर विसंबलेल्या विद्यार्थ्याची गाठ जिवंत वादकाशी पडते तेव्हा खरी परीक्षा होते. खऱ्या मुद्रणावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ध्वनिग्राहक बासरीच्या जवळ ठेवला, तर सभागृहात न ऐकू येणारी बासरीसुद्धा मुद्रणात स्पष्ट ऐकू येते. म्हणून मुद्रण ऐकावे आणि सभागृहातही बसावे, हेच उत्तम.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्या संगीतात लेखन दुय्यम आहे. पंडित भातखंडे यांनी असंख्य बंदिशी स्वरलिपीत आणून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, त्यामुळे त्या वाचल्या. हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण मींड किती घ्यायची, स्वरावर रेंगाळायचे किती, हे स्वरलिपी पूर्णपणे सांगू शकत नाही. पाश्चात्त्य विद्यार्थ्याची रचना निदान कागदावर तरी शिल्लक राहते, बिझेची राहिली तशी. आपल्या विद्यार्थ्याने बांधलेली नवी बंदिश, युवक महोत्सवासाठी दिलेली समूहगीताची चाल, एकांकिकेचे पार्श्वसंगीत यांना तो कागदही नसतो. प्रयोग संपला की संगीत संपले. ऐंशी वर्षांनी ग्रंथालयात सापडावे असे काही मागे राहतच नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर मुद्रण होते. होते हे खरे, पण मोबाइल बदलला की तेही जाते, आणि राहिले तरी ते कोणाचे, कोणत्या साली केलेले, याची नोंद नसते. मुद्रण करणे सोपे झाले, जतन करणे राहून गेले. मला सुचते ते असे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या नव्या संगीतरचनांसाठी एक कपाट आणि एक नोंदवही असावी. प्रत्येक मुद्रणासोबत रचनाकाराचे व गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे, राग, ताल, वर्ष लिहावे, आणि मुद्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या जागी ठेवाव्यात. याला खर्च फारसा नाही, चिकाटी मात्र हवी. त्यातल्या पुष्कळ रचना सामान्य असतील. शिकणाऱ्यांच्या रचना तशाच असायच्या. पण पुढील वर्षी येणाऱ्या एखाद्या मुलीला आपल्या आधीच्या कोणी काय करून पाहिले ते ऐकता येईल आणि तेथून पुढे जाता येईल. सन्माननीय प्राध्यापकांनी व विद्यार्थी-मित्रांनी या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती.