मोजणे, टिपणे, वेळेत पोचवणे : आरोग्य मदतनीस कसा तयार होतो



आमचे काम उसाचे. लागणीच्या नोंदी, बेणे मळा, खोडव्याची निगा आणि तोडीचा कार्यक्रम हे आमचे नेहमीचे विषय. मग या अंकात आम्ही दवाखान्याच्या गोष्टी का काढल्या, असे कुणीही विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

काही हंगामांपूर्वी आम्ही तोड पाहायला एका फडावर गेलो होतो. कोपीच्या सावलीला झोळीत सात-आठ महिन्यांचे लेकरू होते. आई म्हणाली, "साहेब, रात्रीपासून अंग तापलंय, दूध ओढंना झालंय." आम्ही कपाळाला हात लावला, "ताप आहे, उद्या दवाखान्यात दाखवा," असे सांगितले, मुकादमाच्या हातावर थोडे पैसे ठेवले आणि पुढच्या फडाला निघालो. लेकराचे पोट भात्यासारखे उडत होते. ते आम्हाला दिसले होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. पहाटे लेकरू गेले. लक्षणे ऐकून डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया असणार.

आमच्या मनगटावर घड्याळ होते. जीप दाराशी होती. कमी होती ती एका मिनिटाच्या विद्येची. ती विद्या काय आहे आणि साध्या माणसाला ती कशी शिकवतात, हे आम्ही नंतर जाणत्यांकडून समजून घेतले. तेच येथे मांडतो.

मदतनीस म्हणजे अर्धा डॉक्टर नव्हे

आपला शेतकी मदतनीस प्रयोगशाळेत माती तपासत नाही. पण उसात काणीचा चाबूक दिसला की तो ओळखतो, बेट काढायला लावतो आणि गट कार्यालयाला कळवतो. आरोग्य मदतनिसाचे काम अशाच जातीचे आहे. त्याने रोगी नीट पाहायचा, मोजायचा, टिपून ठेवायचा आणि वेळेत योग्य ठिकाणी पोचवायचा. मधल्या वेळात सेवा करायची. सुई टोचणे, सलाईन लावणे, मनाने गोळ्या देणे हे त्याचे काम नाही. जो मदतनीस आठ दिवसांत सुई हातात घेतो, त्याच्यापासून लांबच राहावे.

श्वास मोजणे

लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचे कापड बाजूला करावे. पोट एकदा वर आले की एक श्वास, असे घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ती धाप समजावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची मोजणी जास्त आली तर पुन्हा एकदा मोजून पाहावे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर घटकाभरही थांबू नये. आपल्याकडे याला 'डबा झाला' म्हणतात आणि पोटावर बिब्ब्याचे चटके देतात. चटक्याने छातीतला रोग जात नाही, उलट दवाखान्याची वेळ निघून जाते.

साखर-मिठाचे पाणी

हगवण लागली की आपल्याकडे पहिली मागणी सलाईनची. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत मीठ असते सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. बेशुद्ध किंवा अगदी गळालेल्या रोग्याला सलाईन लागतेच, ती दवाखान्यात. पण ज्याला पिता येते त्याला तोंडाने द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ वाढवू नये, साखरही वाढवू नये. आरोग्य केंद्रातील पुडी मिळाली तर तीच वापरावी. घोट घोट द्यावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकावे. आईचे दूध बंद करू नये.

साखर चवीसाठी नसते. आतड्यातून मीठ आणि पाणी रक्तात ओढून घ्यायला तिची मदत होते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत पटकीने मरू लागले, सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातून पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

सर्पदंश

पाचट, उंदीर आणि पाणी असले की साप आलाच. फडातल्या माणसाला हे सांगायला नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर एकच लस चालते. ती दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर द्यावी लागते. मदतनिसाने करायचे ते एवढे : रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, दंश झालेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करावा, दंशाची वेळ टिपावी आणि १०८ ला फोन करावा. गाडीला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दोरीने आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये. लिंबाचा पाला खायला देऊन 'कडू लागतो का' विचारण्यात आणि मारुतीच्या देवळात निजवण्यात जो तास जातो, तोच तास रोग्याचा असतो.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात. अशा माणसाला 'रात्रीचं अन्न बाधलं' म्हणून पडू देऊ नये.

सेवा आणि चिठ्ठी

शिक्षणातला निम्मा भाग हातांचा असतो. रोग्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुणे, काखेत थर्मामीटर नीट धरणे, मनगटावर नाडी मोजणे. विश्रांती घेतलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. रक्तदाब घेण्याआधी माणसाला पाच मिनिटे बसवावे. चालून आल्या आल्या किंवा तंबाखूचा बार भरलेला असताना घेतलेला आकडा फसवा. गरोदर बाईचा दाब १४०/९० किंवा वर असेल, डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला त्याच दिवशी पाठवावे. लकवा झालेल्या म्हाताऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे तर घरोघरी उपयोगाचे.

याच्या जोडीला बोलण्याची रीत. काय करणार ते आधी सांगावे, आडोसा करावा, बाईमाणसाची तपासणी बाईने करावी. ऐकलेले गावभर करू नये.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची. नाव, वय, त्रास केव्हापासून, मोजलेले आकडे, काय दिले, किती वाजता पाठवले. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो, तशी ही चिठ्ठी रोग्याबरोबर जावी. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असो की लातूरच्या, रात्री दोन वाजता दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला त्या चार ओळींचा मोठा आधार होतो.

साधी माणसे हे शिकतात काय?

शिकतात, आणि पुरावा आपल्या शेजारीच आहे. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजातल्या होत्या. त्यांना एकदाच शिकवून सोडून दिले नाही. त्या पुन:पुन्हा जामखेडला येत, झालेले काम सांगत आणि नवा धडा घेऊन जात. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दाईसाठी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिटाला वाळूचे घड्याळ. वाळू संपण्याआधी लाल मणी आला की न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्याशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने अशाच बायका 'भारतवैद्य' म्हणून तयार केल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, तेव्हा ढिगाऱ्यातून पहिली माणसे शेजाऱ्यांनीच काढली, हे लातूरकरांना कुणी सांगायला नको.

तिन्ही ठिकाणी शिकवण्याची रीत एकच दिसते : आधी करून दाखवायचे, मग एकमेकांवर करवून घ्यायचे, मग देखरेखीखाली रोग्यावर, आणि शेवटी एकट्याने. नुसते भाषण ऐकून नाडी सापडत नाही, जसे पुस्तक वाचून बेण्याचा डोळा ओळखता येत नाही.

आपण काय करावे

गावोगाव आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या सहा वेळा जातात. पण टोळीतल्या बाईचे नाव तिच्या गावच्या वहीत असते आणि ती असते आपल्या फडावर. इथल्या वहीत तिचे नाव नसते. दोन वह्यांच्या मध्ये ते लेकरू राहून गेले.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. टोळ्या आल्या की पहिल्या आठवड्यात कोप्यांवरच्या गरोदर बाया आणि पाच वर्षांखालची मुले यांची यादी चिटबॉयने करावी आणि त्या गावच्या आशाताईकडे द्यावी. प्रत्येक टोळीतून एक बाई आणि प्रत्येक गटातून दोन सभासद कुटुंबांतली माणसे निवडावीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती करून त्यांना हे शिकवावे आणि महिन्यातून एकदा पुन्हा बोलवावे. सोबत घड्याळ, थर्मामीटर, पुड्या, स्वच्छ कापड आणि एक वही द्यावी. शिकायला गेलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडू नये, एवढे मात्र आपण ठरवले पाहिजे. तिच्या कोयत्यावर घर चालते; हाजरी बुडवून ती येणार नाही आणि तसे सांगणेही बरोबर नाही.

वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा. ज्यांच्या घरी शिकायला तयार असलेली मुलगी, सून वा मुलगा असेल, त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. आम्ही स्वतः श्वास मोजायला शिकलो आहोत. आता फडावर गेलो की उसाआधी झोळीत पाहतो.