ब्रेक: गाडीचा नव्हे, गाण्याचा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, गणपतीच्या दिवसांत मांडवापुढचा ‘रेकॉर्ड डान्स’ बघितलेल्या कुणालाही ब्रेक डान्स म्हणजे काय ते विचारा. तो हात पुढे करील, खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाट खेळवील आणि म्हणेल, “हा असा!” ऐंशीच्या दशकात चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे, तेव्हा पिशवीतून कॅसेटीही यायच्या. पण कॅसेटीतून सूर येतात, पाय येत नाहीत. पाय सिनेमाने आणि व्हिडिओने आणले. या दोन वाटांत नावांची जी सरमिसळ झाली, ती अजून निस्तरलेली नाही.

पहिला घोळ आपल्या लिपीचा. गाडीचा ब्रेक आणि मोडण्याचा ब्रेक देवनागरीत सारखेच. म्हणून कुणी सांगतो, थांबत थांबत नाचायचं. कुणी सांगतो, हाडं मोडल्यासारखं. दोन्ही चूक. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुण डीजेने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती: गाणारा गप्प होतो आणि नुसता ताल वाजत राहतो, त्या तुकड्याला पोरं उसळून नाचतात. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर आळीपाळीने वाजवून तो हा तुकडा लांबवत नेऊ लागला. त्यावर नाचणारे ते ब्रेक बॉय, म्हणजेच बी-बॉय. भजनात बुवा थांबला आणि पखवाजवाला सुटला की मांडवात जे होतं, ते आठवलं तर हे सांगावंही लागणार नाही.

आता ती हाताची लाट. ती मुळात ब्रेकिंग, म्हणजे बी-बॉयांचा नाच, नव्हेच. तिचं घराणं ‘पॉपिंग’चं, आणि ते वाढलं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. ब्रेकिंग जमिनीशी झटतं: तळव्यांवर शरीर तोलणं, पाठीवर भिरभिरणं, डोक्यावर फिरणं. १९९४ च्या ‘कादलन’मधल्या ‘मुकाबला’त प्रभुदेवाच्या अंगात हाडं नाहीत असं वाटतं, ते पॉपिंगच्या वळणाचं काम. मूनवॉकही मायकल जॅक्सनने शोधलेला नाही. तो मे १९८३ मध्ये टीव्हीवर गाजला खरा, पण बिल बेली नावाचा टॅप नर्तक १९५५ च्या एका चित्रपटात तसाच मागे सरकताना दिसतो. आपल्याकडे मात्र हे सगळं एकाच पोत्यात भरलं गेलं. पोत्यावर चिठ्ठी लागली ‘ब्रेक डान्स’.

सगळ्यात मोठा गैरसमज गाण्यांबद्दलचा. ब्रेक मशीन या तिघांच्या गटाचं ‘स्ट्रीट डान्स’ १९८४ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. शिट्टीची सोपी धून, हलका रॅप, आणि नावातच ‘रस्ता’. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरं नाक्यावरून उठून थेट स्टुडिओत शिरली. प्रत्यक्षात त्यामागे होते जॅक मोराली आणि आंरी बेलोलो हे फ्रेंच निर्माते, ज्यांनी १९७८ चं ‘वाय. एम. सी. ए.’ गाणारा व्हिलेज पीपल हा गट उभा केला. डिस्कोचा बाजार उतरला, तेव्हा जुन्या दुकानदारांनी दर्शनी भागात नवा माल मांडला. मला यात फसवणूक वाटत नाही. गाणं आजही पाय हलवतं. फक्त नाचातून गाणं निघालं की गाण्यातून नाच, याचा क्रम उलटा लावू नये. हर्कची पार्टी १९७३ ची. ‘रॅपर्स डिलाइट’ या रॅपच्या पहिल्या मोठ्या यशस्वी तबकडीला १९७९ उजाडलं, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी ब्रेक डान्स दुकानात आला.

सिनेमातही दिसतं एक आणि मागे असतं दुसरंच. ‘फ्लॅशडान्स’च्या (१९८३) शेवटी नायिका पाठीवर गरगर फिरते ना, तिथे जेनिफर बील्स नाही. रॉक स्टेडी क्रू या बी-बॉयांच्या गटातला क्रेझी लेग्ज हा मुलगा डोक्यावर केसांचा टोप चढवून फिरलाय!

आता रॅपबद्दलचे गैरसमज. बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने (१९९२) व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’ उचललं, हे बरोबर. पण त्यावर नाक मुरडणारे विसरतात की व्हॅनिला आइसनेही ती बासची ओळ क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’मधून घेतली होती. दुसऱ्या टोकाला आपले अभिमानी लोक. शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांत दोन शाहीर एकमेकांना पद्यात कोंडीत पकडतात, म्हणून रॅप मूळचा कोकणातला, असं ते छातीठोकपणे सांगतात. साम्य आहे आणि गमतीचंही आहे, पण नातं नाही. बाल्या नाचाला ब्रॉन्क्सच्या दाखल्याची गरजही नाही.

शेवटचा गैरसमज ताजा आहे: ब्रेकिंग आता ऑलिंपिकचा कायमचा खेळ झाला. पॅरिसमध्ये ९ आणि १० ऑगस्ट २०२४ रोजी स्पर्धा झाल्या. जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड सुवर्णपदक घेऊन गेले. आपल्या रेकॉर्ड डान्सला महिनाभर एकच गाणं घोटतात. तिथे गाणं डीजे लावतो, आणि कोणतं लागणार ते नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसतं. २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, म्हणजे खुद्द अमेरिकेत आहे. त्याच्या खेळांच्या यादीत ब्रेकिंग नाही.