खिशातला ‘सा’

स्टेजवर लाइट्स डिम. बारा-पंधरा जण अर्धवर्तुळात उभे. गिटार नाही, की-बोर्ड नाही, ढोलकी तर नाहीच. त्यातला एकजण खिशातून क्रीमच्या डबीसारखं काहीतरी काढतो, ओठांना लावतो. हलकंच ‘पूं’! आणि पुढच्या सेकंदाला सगळे एकदम गायला लागतात.

त्या डबीचं नाव पिच पाइप. आणि हा सगळा मामला अ कॅपेलाचा, म्हणजे वाद्यांशिवाय गाण्याचा. बेस, ताल, कोरस, सगळं तोंडानं. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये याचं जबरदस्त वेड आहे. येलचा व्हिफनपूफ्स हा ग्रुप १९०९ पासूनचा. त्यांच्या म्युझिकल डायरेक्टरला तर नावच ‘पिचपाइप’! ‘पिच परफेक्ट’ (२०१२) या सिनेमात दोघी मैत्रिणी याच डबीसाठी चक्क झोंबाझोंबी करतात.

एवढं काय आहे त्यात? आपल्याकडे गायक ‘काळी दोन’ म्हणतो, पेटीवाला सूर देतो आणि तानपुरा शेवटपर्यंत सोबत करतो. इथे एकच फुंकर, नंतर सगळं रामभरोसे. पहिलाच सूर दोन पट्ट्या वर लागला, तर वरच्या सुरातल्या मुली किंचाळणार. खाली लागला, तर बेसवाल्यांचा आवाजच गायब!

डबी दिसायला साधी. आत धातूच्या पत्त्या, अगदी आपल्या पेटीसारख्या, आणि कडेला १३ सुरांच्या १३ जागा. ‘एफ’ ते ‘एफ’ मॉडेल घेतलंत, तर पांढरी चारपासून वरच्या पांढरी चारपर्यंत. ‘सी’ ते ‘सी’ घेतलंत, तर पांढरी एकपासून.

आता खरी गंमत. अंधारात १३ मधून नेमका एक सूर शोधायचा कसा? रेडिमेड उपाय म्हणजे नोट सिलेक्टर. कडेवर सरकणारी छोटीशी क्लिप. ती आधीच हव्या सुरावर आणून ठेवली, की ओठांना जागा बरोबर सापडते. पण शोमध्ये गाणी आठ आणि पट्ट्या पाच असतील, तर? मग आपला जुगाड! नेलपॉलिशचे जाड ठिपके द्या. पहिल्या सुराला एक, दुसऱ्याला दोन. वाळले की बोटाला लागतात, बघावं लागत नाही. चमकणारे स्टिकर्सही चालतील. फक्त फुंकायची जागा मोकळी ठेवा.

बाळगायची कुठे, हाही प्रश्नच. ब्लेझरवाल्यांना खिसा असतो. बिनखिशाच्या ड्रेसवाल्यांनी काय करायचं? गळ्यात रिबन घालता येते, पण आखूड ठेवा, नाहीतर माइकवर आपटून ‘टण्ण’! मनगटाला छोटा पाउच हा त्याहून सेफ पर्याय.

मोबाइलवर अ‍ॅप आहे की, असं म्हणाल. आहे, फुकटही मिळतं. पण ऐन वेळी स्क्रीन लॉक झाला किंवा बॉसचा फोन आला, तर?

आणि हे वेड फक्त गोऱ्यांचं नाही हं. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतला देसी ग्रुप ‘पेन मसाला’ १९९६ मध्ये सुरू झाला आणि २०१५ च्या ‘पिच परफेक्ट २’ मध्ये झळकला. मुंबईत २०१२ मध्ये ‘व्हॉक्ट्रॉनिका’ आला. तेव्हा ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला चौघांनी मिळून ट्राय करायला काहीच हरकत नाही. ऑर्केस्ट्राचा खर्चही वाचेल!

एवढं सांभाळा
• फुंकर हलकी. जोर लावलात की सूर ढळतो.
• वापरल्यावर कोरड्या कापडानं पुसा. ओल राहिली तर पत्त्या गंजतात.
• पर्समध्ये सुटी टाकू नका. धूळ आणि बिस्किटाचा चुरा तिचे शत्रू.
• स्पेअर ठेवा, दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात.
• शोच्या आदल्या दिवशी दिवे घालवून प्रॅक्टिस करा. डोळे मिटून सूर सापडला, की समजा अर्धा शो जिंकलात.