व्हायकिंगांचे शिरस्त्राण : कल्पना आणि वास्तव
व्हायकिंग योद्ध्याचे नाव निघताच शृंगयुक्त शिरस्त्राणाचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचा प्रसार इतिहासाने नव्हे, तर रंगभूमीने केला. कारण १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीतनाट्यमालिकेचे प्रयोग झाले, तेव्हा वेषभूषाकार कार्ल एमिल डोप्लर याने काही पात्रांच्या मस्तकी शिंगे चढविली आणि पुढे तीच लोकमानसात रूढ झाली.

प्रत्यक्ष पुराव्याची साक्ष मात्र निराळी आहे. नॉर्वेतील येर्मुंडबू येथील दफनस्थळी १९४३ साली सापडलेले दहाव्या शतकातील शिरस्त्राण लोखंडी पत्रे व पट्ट्या जोडून घडविलेले, घुमटाकार आणि साधे असून, डोळे व नाक यांच्या रक्षणार्थ त्याला चष्म्याच्या आकाराची लोखंडी पट्टी आहे; शिंगांचा तेथे मागमूसही नाही. डेन्मार्कमधील व्हेक्सो येथे मिळालेली शिंगांची शिरस्त्राणे खरी आहेत खरी, परंतु ती कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांहून दीड हजारांहून अधिक वर्षे जुनी, आणि रणांगणापेक्षा धर्मविधींनाच साजेशी आहेत.

प्रत्यक्ष झुंजीत शिंग म्हणजे शत्रूच्या शस्त्राला अडकावयास आयतीच जागा होय. तेव्हा शिंगे नाटकवाल्यांची आणि साधी लोखंडी टोपी व्हायकिंगांची, हाच या प्रकरणाचा न्याय्य निवाडा होय.