बाणाची दिशा त्याच्या शेपटाच्या हाती

धनुष्यातून सुटलेला बाण सुरुवातीच्या काही मीटरमध्ये सरळ नसतो. मागून दोरीचा धक्का बसतो, पुढचे जड टोक जागचे हलायला वेळ घेते आणि मधली दांडी वाकते. मग ती उलट्या बाजूला वाकते, पुन्हा अलीकडे येते. दोरी बोटांवरून सोडली असेल तर हे वाकणे जास्तच असते, कारण बोटांवरून घसरताना दोरी थोडी बाजूलाही सरकते. अमेरिकेत १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपले, तेव्हा बाण धनुष्याच्या बाजूने सापासारखा वळत जातो हे लोकांना डोळ्यांनी दिसले. ऑलिंपिकमधल्या रिकर्व्ह धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ६० मीटर वेगाने जातो. ७० मीटरवरचे लक्ष्य गाठायला त्याला सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात या वळवळीला शिस्त लावण्याचे काम शेपटाकडची तीन पिसे करतात.

ती हे कसे करतात? बाण हवेत ज्या बिंदूभोवती वळतो तो त्याचा गुरुत्वमध्य. हवेचा एकूण जोर जिथे लागतो तो दाबाचा मध्य. हा दुसरा बिंदू पहिल्याच्या मागे असला, की बाण जरा तिरका होताच हवा त्याचे शेपूट ढकलून पुन्हा रांगेत आणते. धातूचे टोक गुरुत्वमध्य पुढे नेते, पिसे दाबाचा मध्य मागे ओढतात. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बूच पुढे करूनच जाते, त्यामागेही हेच कारण आहे. पिसे जितकी मागे तितका तरफेचा दांडा लांब, म्हणून ती बाणाच्या अगदी शेवटाकडे लावतात. बोटांना दोरी धरता यावी इतकीच जागा मोकळी सोडतात.

पिसे अंशभर तिरकी लावली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि दांडीतला बारीकसारीक वाकडेपणा सगळ्या दिशांना सारखा वाटला जातो. पण फिरण्यासाठी लागणारी ऊर्जा बाणाच्या वेगातूनच जाते. त्यामुळे लांबच्या नेमबाजीत पिसे लहान ठेवतात आणि १८ मीटरच्या बंदिस्त स्पर्धेत मोठी चालतात.

आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या भात्यात चौदा दांड्या होत्या. त्यांतले दोनच बाण पूर्ण तयार होते. त्यांची पिसे बर्च झाडाच्या डिंकासारख्या डांबराने चिकटवून वरून बारीक धाग्याने गुंडाळलेली होती. एकाच सांध्यासाठी डांबरही आणि धागाही! ज्याने हे केले त्याला पिसे कुठून निघतात ते नेमके माहीत होते, आणि मला या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो.

पक्ष्याचे पीस अजूनही वापरात आहे, मुख्यतः टर्कीचे. ते हलके असते आणि धनुष्याला घासले तर दबून पुन्हा उभे राहते. पावसात मात्र भिजून चापट बसते. एका बाणाला लावायची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातली हवीत, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांची वळणे उलट असतात. कंपाउंड धनुष्याच्या बाणाला पिसाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे वेन, लावतात. ती पाण्याला दाद देत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला याच कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. त्यांच्याकडे पाहून ज्या मुलांनी धनुष्य हाती घेतले, त्यांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणारच: बाण चांगला आहे, पण एक वेन फाटली आहे.

जुनी वेन काढण्याच्या कामाला लोक कमी लेखतात. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. कार्बनच्या दांडीत कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवलेले असतात आणि त्यांतले बरेचसे लांबीच्या दिशेने धावतात. कोणतीही नळी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिच्या बाहेरच्या थरावर येतो. म्हणजे धारदार ब्लेडने ओरखडा काढला, की जो थर सगळ्यात जास्त भार पेलतो तोच आपण कापतो. म्हणून सुरी बोथट हवी आणि ती दांडीला जवळजवळ समांतर धरून सरकवायला हवी. मेणबत्ती किंवा गॅसची आच तर नकोच, उष्णतेने रेझिन मऊ पडते.

गोंदाचा स्वभाव इथे आपल्या मदतीला येतो. चिकटवलेली वेन सरळ ओढली तर जोर तळाच्या सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि ती हलत नाही. तीच एका टोकाकडून सोलत आणली तर सारा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि सांधा सुटत जातो. पुढच्या टोकाखाली सुरी घालून ते थोडे उचलावे, मग पक्कडीने धरून मागच्या दिशेला सोलावे. बऱ्याचदा वेन एकसंध निघते. उरलेला गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकावा. अ‍ॅसिटोनने गोंद लवकर विरघळतो, पण ते फडक्यावर घेऊन झटकन पुसण्यापुरतेच; दांडी त्यात बुडवून ठेवू नये. कार्बनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

त्यानंतर दांडी दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून दूर, हलकेच वाकवावी. थोडी फिरवून पुन्हा वाकवावी. कडकड ऐकू आली किंवा तंतू उठलेला दिसला, तर तो बाण मोडून टाकावा. तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटला तर धनुष्य धरणाऱ्या हातात घुसू शकतो.

नवी वेन लावायला घरोघरी असतो तो फेविक्विकच्या जातीचा गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, चालतो. हा पदार्थ १९४२ साली हॅरी कूवर यांच्या हाती लागला, तोही बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना. तो वाळत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने त्याचे रेणू साखळीसारखे जुळत जातात. थर पातळ असला तर ओलावा सगळीकडे पोहोचतो. जाड थर आत कच्चा राहतो. ओघळ पुसायला कापूस वापरू नये, कारण कापसावर हा गोंद इतक्या वेगाने घट्ट होतो की चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

चिकटवण्यासाठी जिग, म्हणजे बाण धरून ठेवणारा साचा, घ्यावा. त्यात नॉक, म्हणजे दोरीची खाच, पक्की बसते आणि दर वेळी दांडी १२० अंशांनी फिरते. क्लॅम्प वेनला प्रत्येक वेळी त्याच कोनात दाबून धरतो. पुसलेल्या जागेला बोट लावू नये, त्वचेचे तेल गोंदाला धरू देत नाही. तिन्ही वेन लागल्यावर प्रत्येकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक थेंब द्यावा. लक्ष्यात घुसताना वेन पुढच्या टोकापासूनच सोलली जाते.

साफ केलेल्या बाणांपैकी एक मात्र लगेच चिकटवू नये. बोटांनी दोरी सोडणाऱ्याने तो तसाच, मागे भक्कम अडसर ठेवून, जवळच्या अंतरावरून पिसांच्या बाणांबरोबर सोडून पाहावा. पिसे दांडीच्या चुका सावरून घेतात. हा उघडा बाण त्या दाखवतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा उघडा बाण इतरांच्या डावीकडे लागला तर दांडी त्या धनुष्याला ताठ पडते आहे, टोकाचे वजन वाढवून पाहावे. उजवीकडे लागला तर दांडी मऊ आहे, टोक हलके करावे. दोन्ही बाण शेजारी लागू लागले की उघड्या बाणाला जिगमध्ये चढवायला हरकत नाही.